समाधानी वत्सला पाहिजे

सूनबाई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता जे बोलली ते अगदी हळू आवाजात बोलली, आणि हळू आवाजात बोललेलं भाऊंना नेहमी जास्त लागायचं.

"भाऊ, मुलीचं नाव वत्सला ठेवायला माझी ना नाही. फक्त मला एक वत्सला दाखवा, जिला स्वतःचं नाव आवडतं. त्याच दिवशी मी जाऊन ते नाव नोंदवून येते."

"एकच ना?"

"एकच. पण मनापासून आवडणारी हवी. 'आई-वडिलांनी ठेवलंय तर चालवतेय' अशातली नको."

भाऊंनी तिथल्या तिथे पायात चपला सरकवल्या. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण निवृत्त झाल्यापासून भाऊंचं असंच होतं. बुद्धी निघायच्या आधी पाय निघायचे. खुर्चीत बसले तर खुर्ची करकरायची, उभे राहिले तर गुडघे, आणि घरात कुठेही असले तरी बायको म्हणायची, "अहो, जरा बाजूला व्हा." उभी हयात त्यांनी साबणाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. प्रत्येक घाण्यातली एक वडी उचलायची, वास घ्यायचा, पाण्यात घोळायची, आणि त्या एका वडीवरून सगळ्या घाण्याचं भवितव्य ठरवायचं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे 'एक वत्सला दाखवा' ही अट ऐकून त्यांना काळजी वाटण्याऐवजी जुनं काम परत मिळाल्यासारखं वाटलं. नमुना आणायचा आहे ना, मग आणू.

वत्सला हे भाऊंच्या थोरल्या बहिणीचं नाव. आई गेली तेव्हा भाऊ चड्डीला नाडी लावण्याच्या वयाचे होते. ती नाडी पहिल्यांदा बांधली ताईने, आणि पुढे शाळा, परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं तिनेच बांधून दिलं. त्या धांदलीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कोणी मोडलं नाही, कोणी अडवलं नाही; गर्दीत छत्री राहून जाते तसं राहिलं. आता ती यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. भाऊ तिला ताई म्हणायचे, म्हणून बायको म्हणायची, म्हणून मुलगा म्हणायचा, म्हणून दूधवाला, पोस्टमन आणि सगळी आळी तिला ताईच म्हणायची. 'आपण ताईसाठी काय केलं' हा प्रश्न भाऊंना निवृत्तीनंतर टोचायला लागला होता. त्याआधी टोचून घ्यायला वेळ नव्हता. तिला मूलबाळ नाही, म्हणजे तिच्यामागे तिचं नाव घेणारं कोणी नाही. मग नातीलाच ते नाव द्यावं, हा विचार त्यांना सुचला आणि तिथून त्यांची झोप उडाली.

हे सगळं ताईला कळता कामा नये, असा त्यांनी घरात दंडक घातला. नाव नोंदवून, कागद हातात घेऊनच तिच्यासमोर जायचं. तिचे डोळे भरून आलेले पाहायचे. भाऊंनी आपण त्या वेळी कुठे उभं राहायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

पहिली पायरी म्हणून ते शेजारच्या सरांकडे गेले. सर कॉलेजात भाषा शिकवायचे आणि निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबले नव्हते. फक्त विद्यार्थी बदलले होते. जो दार वाजवील तो विद्यार्थी.

"वत्स म्हणजे वासरू," सरांनी निरूपणाला सुरुवात केली. "त्यावरून पुढे लेकरू. वत्सल म्हणजे वासरावर जीव असणारी. गाय दिवसभर रानात चरते, पण संध्याकाळ झाली की घराकडे पळत सुटते ना, ते पळणं म्हणजे वात्सल्य. देवाला भक्तवत्सल म्हणतात ते काय उगीच? तो धावून येतो. आपण हंबरायचं तेवढं बाकी असतं."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या थोर शब्दाला आपण आयुष्यभर ताई म्हणत आलो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. खरं तर या नावाचं दैवच विचित्र आहे. ते पूर्ण कोणी म्हणतच नाही. मधलं जोडाक्षर तोंडात धरून ठेवायचा लोकांना कंटाळा. मग वत्सी, वच्छी, वच्छू, वच्छाबाई. ज्या शब्दात गाईची सगळी माया भरली आहे तो ओठांबाहेर पडेपर्यंत शिंकेसारखा होतो.

भाऊ धावतच घरी आले आणि सूनबाईला गाय, रान, संध्याकाळ, सगळं ऐकवलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि खांद्यावरून खाली दूध ओघळत होतं.

"म्हणजे वासरासाठी जिने पळायचं ती," सूनबाई म्हणाली. "भाऊ, ते मी सध्या करतेच आहे. हिला निदान चालायला तरी येऊ दे. जन्मल्या जन्मल्या पळायच्या कामाला कशाला लावता?"

भाऊंनी परत चपला घातल्या.

पहिली वत्सला बँकेत सापडली. पासबुकाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंचं नाव वत्सला आहे, ही माहिती बायकोने दिली होती. खिडकीवरच्या पाटीवर मात्र आडनावाआधी नुसतं 'व्ही.' होतं. भाऊ रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर काचेच्या भोकाशी वाकले आणि शक्य तितक्या मायेने म्हणाले, "आपणच वत्सला ना?"

बाईंचा हात पासबुकावरच थांबला. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"घरून कळलं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, तुम्ही आपल्या नावाबद्दल समाधानी आहात का?"

"फोनवरून नाव सांगून माहिती काढणारे ऐकले होते," बाई शेजारच्या खिडकीला म्हणाल्या. "हे तर समोर येऊन विचारतायत."

"बाई, मी साबणाच्या कारखान्यात होतो."

"हो, तुमच्यातले सगळे कशात तरी असतातच."

पहारेकऱ्याने भाऊंना दंडाला न धरता, पण धरल्यासारखंच, दारापर्यंत पोचवलं. पहारेकरी सभ्य होता. तो हळूच म्हणाला, "काका, इथे त्यांना सगळे व्ही मॅडम म्हणतात. पूर्ण नाव एकदा साहेबांनी मीटिंगमध्ये घेतलं होतं. मॅडम आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत." भाऊंनी मनातल्या मनात त्या वडीवर नापासाचा ठसा मारला. एक वडी नापास झाली म्हणून घाणा फेकून द्यायचा नसतो, दुसरी उचलायची.

दुसरी वत्सला म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन. निम्मं शहर त्यांच्या हातावर जन्मलं होतं. भाऊंना वाटलं, नावाप्रमाणे वागलेली बाई शोधायची तर हीच. मेट्रनबाईंनी दार उघडलं, भाऊंकडे पाहिलं, आणि ते काही बोलायच्या आत त्यांना खुर्चीत बसवून दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

"बोला, कशासाठी आलात?"

भाऊंनी सांगितलं. पट्टा फुगत होता तसतसं भाऊंचं बोलणं बारीक होत गेलं.

"आवडतं का म्हणून विचारताय?" मेट्रनबाई यंत्राच्या काट्याकडे पाहत म्हणाल्या. "अहो, या नावाने माझी नोकरी खाल्ली. उशिरा येणाऱ्या नर्सला रागावले, की ती पाठीमागे म्हणायची, नाव वत्सला आणि जीभ बघा. पेशंटचे नातेवाईक वॉर्डात धुमाकूळ घालत, आणि बाहेर हाकलले की म्हणत, नाव वत्सला ना तुमचं? दुसऱ्या कोणाला रागवायची परवानगी असते. मला नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव चंडिका ठेवलं होतं. ती जरा हसली तरी लोक धन्य व्हायचे." त्यांनी पट्टा सोडला. "रक्तदाब वाढलाय तुमचा. असे वणवण फिरू नका. घरी बसा."

घरी बसणं हे एकच औषध भाऊंना मानवत नव्हतं. ते तिथून थेट जन्मनोंदणीच्या कचेरीत गेले. बाळाचं नाव अजून नोंदलेलं नव्हतं. दाखल्यावर आईचं नाव, बापाचं नाव, आणि बाळाच्या जागी एक आडवी रेघ होती. ती रेघ भाऊंना स्वप्नात दिसायची. खिडकीमागचा कारकून डबा खात होता. त्याने एका बोटाने 'थांबा' म्हटलं आणि बाकीच्या बोटांनी डबा संपवला.

"नाव अजून ठरत नाहीये, थोडी मुदत मिळेल का?" भाऊंनी विचारलं.

"मुदत आहेच. पण नंतर याल तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागेल. काय कारण लिहू?"

"समाधानी वत्सला मिळत नाही."

कारकुनाने पाण्याचा घोट अर्धा गिळला. "हरवल्या आहेत का? तर मग इथे नाही. चौकीवर जा."

"हरवल्या नाहीत हो. मला फक्त या शहरातल्या वत्सला हव्यात. तुमच्याकडे नावं असतील."

"अशी नावं देता येत नाहीत. अर्ज करावा लागेल. अर्जात प्रयोजन लागतं." कारकुनाने आवाज उतरवला. त्यालाही कोणाचं तरी दुःख दिसत होतं. "काका, मी सांगू का? तुमच्या वयाची पुष्कळ माणसं येतात. जुनं माणूस शोधायचं असलं की आडवळण घेऊ नये. आळीच्या फोनवरच्या ग्रुपवर टाका. चार ओळी. सगळं बाहेर येतं."

सल्ला देणाऱ्याची नियत चांगली असली की सल्ला हमखास घात करतो. भाऊंनी बसथांब्यावर बसूनच मजकूर लिहिला. कारखान्यातली सूचना लिहायची सवय होती, त्यामुळे एकही शब्द फालतू नव्हता: 'वत्सला नावाची महिला तातडीने पाहिजे. वयाची अट नाही. स्वतःबद्दल समाधानी असावी. रविवारी सकाळी घरी येऊन भेटावे.' खाली पत्ता आणि नाव. 'स्वतःच्या नावाबद्दल' लिहायचं होतं, पण बस आली.

घरी पोचेपर्यंत बायकोचा फोन तापला होता. तिची चुलत बहीण, भिशीतल्या मैत्रिणी, शिंपीणकाकू, सगळ्यांचं पालुपद एकच: तुझी तब्येत बरी आहे ना?

"माझी बरी आहे म्हटलं," बायको भाऊंना म्हणाली. "तुमची विचारा म्हटलं. वयाची अट नाही म्हणे. काय उदारपणा."

"अगं, ते नातीसाठी आहे."

"तेही मी सांगितलं. तर म्हणतात, नातीच्या नावावर खपवतायत." ती भाजी चिरायला बसली. सुरी पाटावर आपटायची तिची एक पद्धत होती. त्यावरून भाऊंना हवामान कळायचं. "रविवारी कोणी आलं तर चहा तुम्ही करायचा. आणि हसायचं नाही कोणाकडे बघून."

मुलगा दोघांकडे पाहून "बरोबर आहे" म्हणाला. तो सगळ्यांनाच तेवढं म्हणायचा. मागच्या खोलीत ताई शर्टांना बटणं लावत होती. तिने विचारलं, "कसला फोन रे भाऊ सारखा?" भाऊ म्हणाले, "काही नाही ताई, लाइटवाले." निष्पाप माणसाला खोटं बोलताना विषय सुचत नाहीत, भाऊंना सगळ्या संकटांत लाइटवालेच सुचायचे.

रविवारी आपल्याकडे कोणी फिरकणार नाही अशी भाऊंची खात्री होती. पण मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्यावर असा शहरभर फिरला होता. दारावरची घंटा वाजायला लागली ती थांबेचना. आधी एक शिकवण्या घेणाऱ्या वत्सलाबाई आल्या. जाहिरातीतल्या तातडीला घाबरून त्या मुलाला घेऊन आल्या होत्या आणि मुलगा बाहेर स्कूटर चालू ठेवून बसला होता. मग फुलांचं दुकान चालवणाऱ्या आल्या. मग मेट्रनबाई, हातात रक्तदाबाचं यंत्र घेऊन. त्या म्हणाल्या, मला हे बिघडणार हे दिसतच होतं. मग एक अगदी तरुण, केस कापलेली मुलगी आली. तिचं नाव कागदोपत्री वत्सला होतं आणि ते आजवर तिने एकाही मित्राला कळू दिलं नव्हतं. आणि सगळ्यांत शेवटी, काळा चष्मा लावून, व्ही मॅडम.

"मी तक्रार करायला आले आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी बसते."

पुढच्या खोलीत खुर्च्या संपल्या. भाऊंनी सगळ्यांना हात जोडून खरा प्रकार सांगितला. आधी कोणाचा विश्वास बसेना. मग सूनबाईने बाळ आणून दाखवलं, तेव्हा त्या पुराव्यावर भाऊ सुटले. आणि मग त्या बायका मनमोकळेपणाने आपापल्या नावावर तुटून पडल्या. शिकवणीवाल्या बाईंना शाळेत 'वच्छी, वासरू, गोठ्यात जा' असं चिडवत. फुलवालीकडे लोक उधार मागत, नावावरून धीर येतो म्हणून. तरुण मुलगी म्हणाली, हे नाव घेऊन नोकरीच्या मुलाखतीला गेलं की समोरचा आधी आपल्या आजीबद्दल बोलतो. व्ही मॅडम बोलत नव्हत्या, पण प्रत्येक वाक्याला चष्म्याआडून मान हलवत होत्या. सगळ्यांना इतकं बरं वाटायला लागलं की विचारू नका. जन्मभर ज्याचा एकटीने त्रास काढला ते दुसऱ्याही कोणी काढलं आहे, यासारखं सुख नाही.

सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती भाऊंकडे पाहत नव्हती, हाच तिचा चांगुलपणा. भाऊ मात्र एकेका तोंडाकडे आशेने पाहत होते आणि एकेक वडी पाण्यात विरघळत होती. ताईचं नाव आता संपलं. जगात ते कोणालाच नको आहे. आपल्या हातून तिच्यासाठी एवढीही गोष्ट होणार नाही.

ट्रेमध्ये चहा आला. मेट्रनबाईंनी कप वाटायला घेतले. फुलवाली कोपऱ्यात मागे बसली होती. तिच्यापर्यंत कप पोचेना, तेव्हा मेट्रनबाईंनी वॉर्डातला आवाज काढला.

"वत्सला, अगं वत्सला, इकडे ये."

खोलीतल्या सगळ्याच उठल्या. आणि मागच्या खोलीतून पावलं वाजली. घाईघाईची, एक पाय जरा ओढत येणारी. ताई दारात उभी होती. बोटात सुई-दोरा तसाच होता, चष्मा कपाळावर चढला होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की भाऊंनी ते आजवर पाहिलं नव्हतं.

"मला कोणी हाक मारली?" ती म्हणाली. मग तिला खोलीभर अनोळखी बायका दिसल्या. "आईसारखी मारली कोणीतरी. मी आत होते. आले."

भाऊंनी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. आई गेल्यापासून त्या घरात, किंवा कुठल्याही घरात, ताईला त्या नावाने कोणी हाक मारल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी सगळ्या शहरात वत्सला शोधली होती. मागच्या खोलीचं दार काही त्यांनी वाजवलं नव्हतं.

मग सगळं सांगावं लागलं. भाऊंनी अर्धं सांगितलं, बायकोने उरलेलं, आणि त्यात भाऊंची बाजू घेतली हे विशेष. ताई खुर्चीत बसून ऐकत राहिली. शेवटी सूनबाई तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली.

"ताई, मी यांना अट घातली होती. स्वतःचं नाव आवडणारी एक वत्सला. तुम्हाला आवडतं?"

"आवडतं का म्हणजे?" ताई म्हणाली. "मला फार आवडतं. कधीकधी खोलीत एकटी असले की मी स्वतःलाच मारते हाक. ऐकायला छान वाटतं."

भाऊ उभे राहिले. खोलीत टाळ्या पडायच्या बाकी होत्या. सूनबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग झालं तर. उद्या मी नोंदवून येते. बाळ वत्सला."

"नाही," ताई म्हणाली.

"नाही?"

"नको देऊस ग माझं नाव." ताईने सुई पदराला टोचून ठेवली, म्हणजे बोलणं लांबणार होतं. "भाऊला लहानपणापासून सवय आहे. माझं जे असेल ते त्याला लागायचं. पाटी, वाटीतलं दूध, अंगावरचं पांघरूण. दिलं, आनंदाने दिलं. पण हे नाव मी अजून वापरलेलंच नाही. ते तसंच्या तसं पडून आहे. आता बाळाला दिलंत, तर सगळे त्यालाच हाक मारणार. मी थोरली वत्सलासुद्धा नाही राहणार, आजी होईन. मी गेल्यावर काय करायचं ते करा. तोवर राहू दे माझं मला."

एवढं बोलून तिने मान खाली घातली, जणू फार मोठी हाव केली असं तिला वाटलं. व्ही मॅडमनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे लाल झाले होते. "ताई," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या, आणि म्हणाल्या, "वत्सला, चहा निवतोय तुमचा."

भाऊ अट जिंकले होते आणि नाव हरले होते, आणि दोन्ही एकाच तोंडाने. ते पुढच्या पडवीत जाऊन उभे राहिले, आत आले, परत बाहेर गेले. देवाचं कसब असं की माणूस ज्याच्यासाठी रानोमाळ पळतो ते त्याने गोठ्यात बांधून ठेवलेलं असतं, आणि दाव्याला हात लावलेला मात्र त्याला चालत नाही.

बाळाचं नाव सूनबाईने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नोंदवलं. लहानसं, तिला आवडेल असं. सरांनी त्याचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तेव्हा तिने गोड हसून दार लावून घेतलं. वत्सलांचं मात्र एकदा आल्यावर येणं थांबलं नाही. आठवड्यातून एकदा त्या कोणाच्या तरी घरी जमू लागल्या, नावाला शिव्या घालायला. ताई तिथे एकटीच नावाची बाजू घ्यायची आणि सगळ्यांशी भांडायची. ती भांडू शकते हीच घरात बातमी होती.

पहिल्याच वेळी तिला परत यायला अंधार पडला. भाऊ पडवीत येरझाऱ्या घालत होते. बायकोने सांगितलं होतं की ती लहान नाही, पण भाऊंचे पाय ऐकत नव्हते. रस्त्याच्या कोपऱ्यावर ती दिसली, पाय जरा ओढत, कुणाशी तरी हसत निरोप घेत. ती आळीच्या दुसऱ्या टोकाला वळायला लागली. अंधारात तिला घर चुकत होतं. भाऊंनी 'ताई' म्हणायला तोंड उघडलं. जीभ जन्मभराच्या सवयीने तिकडेच निघाली होती. त्यांनी ती ओढून वळवली. मधलं जोडाक्षर फार कठीण होतं.

"वत्सला," भाऊ म्हणाले. "इकडे. घर इकडे आहे."

ती थांबली. सावकाश वळली, फाटकापर्यंत आली आणि फाटकाच्या पलीकडूनच त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

"थोरल्या बहिणीला नावाने हाक मारतोस, भाऊ?"

भाऊंनी मान खाली घातली. "चुकलं ताई."

"चुकलं कसलं," ती म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं मला. परत मार."